नऊशे रुपयांचा चाकू

कलम बांधणाऱ्या बाईच्या अंगठ्याला काय सोसावं लागतं, हे सीताफळ खाणाऱ्याला कुठून कळणार? तो आपला गर चाखतो, बिया थुंकतो आणि "काय गोडी आहे!" म्हणून मोकळा होतो. त्या गोडीच्या बुडाशी कुणाचा तरी चिरलेला, पट्टी गुंडाळलेला, ठणकणारा अंगठा असतो. आपली गोष्ट ज्या कडूबाईची आहे, तिच्या अंगठ्यानं तर बावीस वर्षं हे काम केलं होतं.

पिंगळी स्टेशनाच्या पलीकडं माणिकरावांची नर्सरी आहे. तिथं हिरव्या जाळीखाली लांब टेबल मांडलेलं, आणि टेबलाच्या दोन्ही अंगांनी कलमं बांधणाऱ्या आठ बाया. काम बघायला सोपं. पिशवीतल्या गावरान रोपाचा शेंडा उडवायचा, खोडाला उभी चीर द्यायची, चांगल्या झाडाची काडी दोन्ही बाजूंनी पाचरीसारखी तासायची, ती चिरेत बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीनं घट्ट आवळायची. सगळी करामत तासण्यात. काप गुळगुळीत आला तर दोन लाकडं एक होतात, महिन्याभरात काडीला कोंब फुटतो. काप चुरगळला की काडी आतून काळी पडते आणि वाळून जाते.

दुपारचं ऊन त्या जाळीतून खाली उतरेपर्यंत हिरवं होऊन जायचं. बायांची तोंडं हिरवी, पदर हिरवे, पाण्याचा माठसुद्धा हिरवा. अशा वेळी कडूबाईचे हात चालू असायचे आणि ती स्वतः तिथं नसायची. तिनं बांधलेली रोपं ट्रकात बसून कुठं कुठं गेली होती, कुणी म्हणायचं सोलापूरकडं, कुणी म्हणायचं थेट तेलंगणात. त्यातली एकही बाग तिनं पाहिलेली नव्हती. पण त्या हिरव्या उजेडात ती खुशाल त्या बागांतून हिंडायची. बुंध्याशी वीतभर उंचीवर कलमाची गाठ दिसली की तिच्यावरून बोट फिरवायची, "ही माझी," म्हणायची आणि पुढच्या झाडाकडं वळायची. मग शेजारच्या सत्यशीलाबाई कोपरानं ढोसायच्या.

"आलीस का माघारी? का मुक्कामच टाकायलीस तिकडं?"

"थांब की बाई, अर्धीच बाग झालीय," कडूबाई म्हणायची, आणि सगळं टेबल हसायचं.

गेल्या वर्षापासून मात्र अंगठा रुसला. सांधा सुजायला लागला. बाजारातला साठ रुपयांचा चाकू, सकाळी दगडावर कितीही घासा, तासाभरात बोथट. मग जोर लावायचा. जोर लावला की कळ निघायची, कळ निघाली की हात हलायचा, आणि हात हलला की काप गेलाच. पावसाळ्यातल्या आंब्याच्या कलमांत तिची शंभरातली चाळीस वाळली.

माणिकराव वाईट माणूस नव्हे, पण धंदा करायला बसलेला माणूस. "कडूमावशी," तो म्हणाला, "हे सीताफळाचं बघतो. न्हाई जमलं तर बाहीर पिशव्या भरायला बसा. मजुरी तर देतोच की."

मजुरी! मजुरीचं कुणाला पडलं होतं? बाहेर उन्हात बसून माती नि शेणखत कालवायचं आणि काळ्या पिशव्यांत कोंबायचं, हे काम कालची आलेली बाईसुद्धा करते. बावीस वर्षं झाडाला झाड जोडणारीनं टेबलावरून उठायचं आणि तिथं जाऊन बसायचं?

तिची लेक राजेश्री पुण्यात दातांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंच्या हाताखाली काम करते. वडील गेल्यापासून मायलेकी दोघीच. संक्रांतीला ती आली आणि तिळगुळाच्या आधी तिनं आईच्या हातावर एक छोटी पेटी ठेवली. आत घडीचा चाकू. मूठ अक्रोडाच्या लाकडाची, दोन्ही टोकांना पितळ, आणि उघडला की टक् असा बारीक आवाज करून निळसर पातं बाहेर यायचं.

"खास कलमाचा हाय, आई. परदेशी," राजेश्री म्हणाली. "आमच्या मॅडम म्हणतात, हत्यार नीट असलं की हात लवकर म्हातारा व्हत न्हाई."

"कितीला पडला?"

"नवशे."

"नवशे? चाकूला? अगं माय, येड लागलं का तुला?"

दुसऱ्या दिवशी सीताफळाची कलमं सुरू झाली आणि टेबलावर हाच गजर झाला. सत्यशीलाबाईंनी लगेच हिशेब मांडला. "नवशेत साठवाले पंधरा आले असते की गं! वर्साला एक म्हणलं तरी तुझी जिंदगी निघाली असती." कडूबाई ओशाळून हसली आणि तिनं एक काडी उचलली. पातं काडीवर टेकवलं. आता जोर लावायचा, असं ती म्हणते तोवर तासलेलं सालपट खाली पडलं होतं. तिनं काप बोटानं चाचपला. ओला, सपाट, कुठं कुसळ नाही. आणि अंगठा? अंगठ्याला तर काही कळलंच नव्हतं.

सत्यशीलाबाईंनी चाकू ओढून घेतला, एक काडी तासली, दुसरी तासली आणि डोळे मोठे केले. "लोणी हाय का लाकूड गं हे?" मग चाकू परत देताना थोड्या नाराजीनंच म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे पंधरा. एकच बरा."

पुढचे आठ दिवस कडूबाई जमिनीवर नव्हतीच म्हणा ना. काडी उचलावी, पातं फिरावं, गाठ बसावी, रोप पलीकडं जावं. अंगठ्याची सूज उतरली. पूर्वी कळ आली की ती बागेतून धाडकन टेबलावर येऊन पडायची, आता तसं होईना. ती चालत राहिली. बांध ओलांडला, ओढा ओलांडला, अनोळखी गावाची पांढरी देवळं लांबून दिसली, आणि झाडं संपायचं नाव घेईनात. माणिकरावानं हाक मारली तर तीन हाका झाल्यावर "आं?" म्हणायची. इतकं सुख तिला कधी झालं होतं, आठवत नव्हतं.

आणि नवव्या दिवसाच्या सकाळी हरिओम आला.

हरिओम तिचा भाचा, राणीसावरगावच्या तिच्या भावाचा मुलगा. गंगाखेडला मोबाइलच्या दुकानात कामाला. स्वतःच्या लग्नाची पत्रिका द्यायला तो आत्याकडं आला होता. ती नर्सरीत जायला निघालेली, चाकू ओट्यावर. त्यानं तो उचलला, उघडला, पात्याच्या मुळाशी कोरलेलं नाव वाचलं आणि सवयीनं मोबाइल काढला.

"आत्या, कितीला घेतला म्हणलीस?"

"नवशे. राजीनं आणला. ह्याच्यावरून शिव्याबी दिल्या मी तिला."

"साडेअकरा हजार हाय ह्याची किंमत."

कडूबाईला हसूच आलं. मग त्यानं फोटो दाखवला. तेच लाकूड, तेच पितळ, तेच पातं. खाली आकडा. राजेश्रीचा जवळजवळ महिन्याचा पगार होता तो. ती पोर पुण्यात तिघींत एक खोली करून राहते, दुपारचा डबा सकाळीच दोन घास कमी खाऊन भरते, हे सगळं त्या आकड्यामागं कडूबाईला दिसलं. तिनं चाकूकडं पाहिलं. मुठीवर सीताफळाचा चीक वाळलेला, पितळेवर मातीचा डाग. कुणाच्या तरी नव्या शालूला आपण आठ दिवस हात पुसत होतो, असं तिला झालं.

तिनं चाकू खोबरेल लावून पुसला, रुमालात गुंडाळला आणि स्टीलच्या डब्यात घालून कपाटात साड्यांखाली ठेवला. जाताना साठ रुपयांचा कमरेला खोचला.

"नवा कुठाय?" सत्यशीलाबाईंनी विचारलं.

"ठिवलाय."

"कामून? अंडी घालतो का त्यो?"

कडूबाईनं हळू आवाजात किंमत सांगितली. सत्यशीलाबाईंच्या हातातली पट्टी थांबली. पण ती बाई सरळ डोक्याची. "मग तर वापरायलाच पायजे," त्या म्हणाल्या. "घरी ठिवून त्याचे पैसे वसूल व्हतेत का?"

"हातातून पडला, टोक गेलं, तर?"

"तर गेलं. चाकू हाय बाई त्यो, देव न्हाई."

पटत होतं, तरी हात होत नव्हता, आता काय करता? संध्याकाळी दिवा लागला की कडूबाई डबा काढायची. रुमाल सोडायची, टक् करून पातं उघडायची आणि बघत बसायची. पात्यात दिव्याचा लांबट उजेड हलायचा, आणि ती त्या निळ्या पट्टीवरून कुठल्या कुठं निघून जायची. अंगठा कोमट मिठाच्या पाण्यात बुडवलेला असायचा. मग पुण्याहून फोन.

"आई, चाकू कसा चाललाय?"

"लय झकास," कडूबाई म्हणायची.

फेब्रुवारीत हरिओमचं लग्न आलं. आपल्याकडं हळद लागली की नवरदेवाच्या हातात कट्यार देतात, टोकाला लिंबू खोचून. नजर लागू नये, वाऱ्यावावदानाची बाधा होऊ नये म्हणून. लग्न लागून, देवदर्शन होऊन, हळद उतरेपर्यंत ती हातातून सोडायची नाही आणि लिंबू काढायचं नाही. मांडववाल्यानं आणलेली कट्यार पत्र्याची निघाली, मूठ हलत होती. बाया नाकं मुरडायला लागल्या. आणि कडूबाईच्या मनात एकदम लख्ख उजेड पडला.

साडेअकरा हजाराची वस्तू! मातीत, चिकात राबवायला जीव धजत नाही, पण भाच्याच्या हळदीला? याहून मानाचं काम कुठलं? तिनं पिशवीतला डबा काढला. येताना तो घरात एकटा ठेवायचा नाही म्हणून बरोबरच आणला होता. तिनं स्वतःच्या हातानं पातं उघडलं, स्वतःच्या हातानं लिंबू खोचलं आणि हरिओमच्या हातात दिलं. "आत्याची हाय ही कट्यार," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. भावकीतल्या बाया जवळ येऊन बघून गेल्या. तिला भरून आलं. राजेश्रीला रजा नव्हती, ती असती तर किती बरं झालं असतं, असंच तिला वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी मांडवात अक्षता हातात घेऊन ती उभी होती. वाजंत्री, अत्तर, उन्हात तापलेलं कापड, सगळं कसं झोपेत ऐकल्यासारखं लांबून येत होतं. मुंडावळ्यांच्या मागं हरिओमचं तोंड पिवळंधमक. तिची नजर त्याच्या हातावर गेली. लिंबाचा रस पात्यावरून ओघळून मुठीपर्यंत आला होता, आणि ओघळाच्या कडेनं एक काळी रेघ उतरली होती.

विळी-चाकू लिंबानं काळे पडतात, हे तिला काय माहीत नव्हतं? चार घरच्या भाज्या चिरलेली बाई! पण किमती चाकूलाही लिंबू लागतं, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. आता "लिंबू काढ" म्हणायची सोय नव्हती. नवरदेवाच्या कट्यारीचं लिंबू सख्ख्या आत्यानं काढायला लावलं, असं म्हणून लोकांनी जन्मभर बोटं दाखवली असती, आणि उद्या त्या नवरानवरीला साधा ताप आला तरी तिनंच मनाला लावून घेतलं असतं. मंगलाष्टकं चालली. लोक बोहल्याकडं अक्षता टाकत होते, कडूबाई लिंबाकडं टाकत होती. पुढचा अख्खा दिवस आणि रात्र ती रेघ रुंद होत गेली.

तिसऱ्या दिवशी हळद उतरली आणि चाकू हातात आला. पातं अर्ध्यापर्यंत काळं, मध्ये बारीक बारीक खड्डे, धार खरखरीत. हरिओम बिचारा कानकोंडा झाला. "आत्या, माझ्यामुळं..." "तुझं काय रे त्यात," ती म्हणाली, "मीच दिली की." परतीच्या एसटीत ती खिडकीकडं तोंड करून सोनपेठच्या कुणा अनोळखी बाईशेजारी रडत आली.

दुःखाला सोबत लागते म्हणून की काय, त्याच आठवड्यात माणिकरावानं कोंब मोजले. रांगा न बघता त्यानं बेरीज तेवढी पाहिली. कडूबाईची निम्म्याहून जास्त कलमं गेली होती. तो फार काही बोलला नाही, नुसता बाहेरच्या मातीच्या ढिगाकडं हात केला.

चार दिवस कडूबाईनं पिशव्या भरल्या. पाचव्या दिवशी पहाटे उठून तिनं डबा काढला. आजवर तिनं त्या चाकूला दगड लावला नव्हता. साडेअकरा हजाराच्या पात्यावर ओरखडा उठला तर! आता काय राखायचं होतं? ओरखडे उठोत, मोडो, काही होवो. तिनं अंगणात बसून पाणी शिंपडलं आणि पातं दगडावर घासायला सुरुवात केली. तांबडं फुटलं, शेजारची चूल पेटली, तरी ती घासत होती. काळा डाग गेला नाही, खड्डेही राहिले. पण त्यांच्या खालून चंदेरी धार वर आली. तिनं सीताफळाची काडी टेकवली, आणि सालपट खाली पडलं.

"एक दिवस टेबलावर बसू द्या," ती माणिकरावाला म्हणाली. "शंभरच बांधते. न्हाई आली तर परत तोंड उघडायची न्हाई."

हंगाम सरत आला होता, काड्या उरल्या होत्या. माणिकराव म्हणाला, "बसा." सत्यशीलाबाईंनी सरकून जागा दिली आणि डागाळलेल्या पात्याकडं एकदा बघून घेतलं. "आता शोभतोय तुझ्या हातात," त्या म्हणाल्या. शंभर बांधून झाली आणि कोंब फुटेपर्यंत कडूबाई परत मातीच्या ढिगाकडं गेली.

पाडव्याच्या आदल्या दिवशी राजेश्री न कळवता आली. पिंगळीला गाडीतून उतरली आणि बॅग घेऊन सरळ नर्सरीत. फाटकातच तिला आई दिसली. उन्हात, डोक्याला टॉवेल, मनगटापर्यंत शेणखत.

"आई? तू हितं काय करायलीस?"

कडूबाईनं भरलेले हात पाठीमागं नेले. राजेश्री तरातरा आत गेली, माणिकरावापुढं उभी राहिली. आई मागून "राजे, अगं राजे" करत आली. माणिकराव चिडला नाही. "चल, दाखवतो," तो म्हणाला. "मग माझं काय चुकलं ते तूच सांग."

रोपांच्या रांगा लांबवर गेल्या होत्या. दर रांगेच्या तोंडाशी एक पाटी, तिच्यावर बाईचं नाव आणि कलम बांधल्याची तारीख. माणिकराव पुढं, राजेश्री मागं. कडूबाईची पहिली रांग हिरवी. दुसरी हिरवी. आठ रांगा पोपटी पानांनी भरलेल्या, वाऱ्यानं हलणाऱ्या. आणि नवव्यापासून काड्या. रांगेमागून रांग नुसत्या काळ्या, उभ्या काड्या, मध्ये कुठंतरी एखादा कोंब चुकून आल्यासारखा. पार शेवटी मात्र पुन्हा एक रांग हिरवी. माणिकरावानं तिच्यातली रोपं मोजली, परत मोजली आणि डोकं खाजवलं. "एकोणनव्वद," तो म्हणाला. "शंभरात."

राजेश्री तिथवर गेलीच नव्हती. आठव्या आणि नवव्या रांगेच्या मध्ये ती थांबली होती आणि पाटी वाचत होती.

"आई, ह्या तारखेला काय झालं?"

कडूबाईनं कमरेचा चाकू काढला. उघडला. काळं, खड्ड्याखड्ड्यांचं पातं लेकीच्या पुढं धरलं.

"त्या दिवशी मला किंमत कळली," ती म्हणाली.

मग तिनं सगळं सांगितलं. हरिओम, डबा, हळद, लिंबू, फोनवर झकास म्हणत होते ते. राजेश्री चाकूकडं बघतही नव्हती. ती आईच्या सुजून आडव्या झालेल्या अंगठ्याकडं बघत होती.

"एवढे दिवस तू त्या जुन्यानंच...? आणि हा डब्यात?"

"ह्या एकेका काडीला जीव लावला गं मी," कडूबाई वाळल्या रांगांकडं हात करून म्हणाली. "चाकू तेवढा लावला न्हाई."

राजेश्री मटकन खाली बसली. आईचा शेणखतानं भरलेला हात तिनं दोन्ही हातांत घेतला आणि ओक्साबोक्शी रडायला लागली. "मीच खोटं बोलले. तेव्हाच खरं सांगितलं असतं, भांडून घेतलं असतं, तर हे झालंच नसतं."

माणिकराव घसा खाकरून म्हणाला, "मावशी, पाडवा झाला की टेबलावर या." पण ते ऐकायला तिथं कुणी रिकामं नव्हतं. कडूबाई लेकीशेजारी मातीतच बसली होती, आणि कोपरानं तिचे डोळे पुसत होती, कारण हात घाण होते.

"रडू नकू," ती म्हणाली. "खरं सांगितलं असतंस तर मी पयल्याच दिवशी पेटी बंद केली असती. तू खोटं बोललीस म्हणून ह्या आठ रांगा जगल्या."